कट-ऑफ बघून कॉलेज कळत नाही

जून उजाडला की आमच्या ओटीवर माणसं जमायला लागतात. कुणाच्या मोबाईलमध्ये गेल्या वर्षीच्या इंजिनियरिंग कट-ऑफची पीडीएफ, कुणाबरोबर पोरगा, कुणाबरोबर पोरगी. मी काही काउन्सेलर नाही, लोटे परशुरामला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे आणि वाडीतला पहिला इंजिनियर झालो एवढंच, पण कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा तो ऑप्शन फॉर्म भरायचा म्हटलं की सगळे इकडेच येतात. आणि दरवर्षी एकच वाक्य ऐकायला मिळतं, "इथलं तर काय मिळेलच रे, पण मुंबई-पुण्यात कुठे बसतंय काय ता बघ जरा." म्हणजे सगळीकडून राहिलं की मग जवळचं कॉलेज, हे आधीच ठरलेलं असतं. मला हे पटत नाही. गेल्या वर्षी, २०२५ ला, माझ्या सख्ख्या भाचीच्या ॲडमिशनला हाच वाद घरात आठ दिवस चालला, ताई रडली, भावोजी बोलायचे बंद झाले, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

तिला सीईटीला, म्हणजे इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेला, ८८ पर्सेंटाइल होते. आता ८८ म्हणजे शंभरातले ८८ मार्क असं अजूनही निम्म्या लोकांना वाटतं. ते मार्क नाहीत. १०० मुलांमधली ८८ तुझ्या मागे किंवा बरोबरीला आहेत एवढाच त्याचा अर्थ, आणि गेल्या वर्षी पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) बसलेली मुलं होती ४ लाखांच्या वर, म्हणजे ५० हजारांच्या आसपास मुलं तिच्या पुढे होती. हा आकडा ऐकल्यावर ताई गप्पच झाली. पण पोरगी हुशार नाही असा त्याचा अर्थ होत नाही, एवढाच होतो की मुंबईचं व्हीजेटीआय नाही, पुण्याचं सीओईपी नाही. तिथे नंबर लागत असता तर मी स्वतः बॅगा भरून कोकणकन्येत बसवून दिली असती, त्यात वादच नाही. १८५४ चं सीओईपी आणि १८८७ चं व्हीजेटीआय, तिथली फी, तिथला माजी विद्यार्थ्यांचा गोतावळा, तिथे येणाऱ्या कंपन्या, याच्याशी आमच्याकडच्या कॉलेजची तुलना करून मी कुणाला फसवणार नाही.

प्रश्न त्याच्या खालचा आहे, आणि आपल्याकडची बहुतेक मुलं तिथेच असतात. तिच्यासमोर तीन गोष्टी होत्या. नवी मुंबईकडचं एक मोठं नाव असलेलं प्रायव्हेट कॉलेज, कॉम्प्युटर, पण इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती सीट. पुण्याकडचं एक, एआयची ब्रँच, तीही इन्स्टिट्यूट लेव्हल, आणि तुकडी नवीनच वाढवलेली. आणि कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीत, लागलेलं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं एक छोटं कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम, ६० जागांची इनटेक. सगळं घर नवी मुंबईच्या बाजूने. कारण काय, तर तिथला कट-ऑफ ९३ आणि इथला त्याच्या कितीतरी खाली. "९३ चं कॉलेज मिळतंय तर ते सोडायचं काय?" भावोजींचं हे एकच पालुपद.

इथेच आपण सगळे चुकतो असं माझं ठाम मत आहे. कट-ऑफ म्हणजे त्या ब्रँचला शेवटी आत गेलेल्या मुलाचा पर्सेंटाइल, बस. त्यावरून कळतं ते इतकंच की तिथे जायची किती जणांना इच्छा होती. ती इच्छा कशामुळे होते? स्टेशनजवळ आहे म्हणून, नाव ऐकलंय म्हणून, मागच्या वर्षीचा कट-ऑफ जास्त होता म्हणून या वर्षी जास्त मुलांनी वर टाकलं म्हणून. आत लॅबमध्ये काय चालतं, शिकवायला कोण आहे, मशीन चालू आहे की कव्हर घालून ठेवलंय, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. हापूसची पेटी आपण वास घेऊन, देठ बघून घेतो, दलाल भाव किती बोलला एवढ्यावर घेत नाही, आणि पोरीची चार वर्षं मात्र भावावर घ्यायला निघतो.

बरं, पैशाचं गणित तरी कुणी केलं होतं का? नव्हतं केलं. सरकारने जुलै २०२४ मध्ये जीआर काढलाय, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण ही माफी कॅपमधून लागलेल्या सीटला असते, इन्स्टिट्यूट लेव्हलला जाऊन बसलात तर नाही. म्हणजे आमची माणसं जवळजवळ फुकट मिळणारी सीट सोडून पूर्ण फी भरायला निघाली होती, वर रूमचं भाडं, मेस, लोकल, दर सणाला येणं-जाणं. लोन काढू म्हणाले. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही हे भावोजींना बँकेतल्या कुणीतरी सांगितलेलं, आणि तारण लागत नाही म्हणजे ते फेडायचंच नाही अशा थाटात सगळी चर्चा चाललेली. मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा घरात शांतता झाली. या गटांतल्या मुलग्यांना पूर्ण माफी नाही, पण खुल्या गटातल्या मुलाला उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्युशन फी मिळते, तीसुद्धा कॅपमधूनच. हे ओटीवर आलेल्या दहा जणांतल्या सात जणांना माहीत नसतं, आणि माहीत नसताना निर्णय झालेला असतो.

पण पैसे वाचतात म्हणून छोटं कॉलेज घ्या असं मी म्हणत नाहीये. तेवढंच कारण असतं तर मीच पोरीला म्हटलं असतं जा, आपण करू काहीतरी. माझं म्हणणं शिक्षणाबद्दल आहे.

मी स्वतः अशाच एका छोट्या कॉलेजात शिकलो, इलेक्ट्रॉनिक्स. आमची प्रॅक्टिकलची बॅच नऊ जणांची. नऊ. त्या दोन तासांत लपायला जागाच नसायची, सर्किट जोडायचं तर आपणच, जळलं तर आपणच, आणि सर शेजारी उभे. एकदा मला प्रेशर मोजून सिग्नल पाठवणाऱ्या एका ट्रान्समीटरच्या लूपमध्ये काही केल्या रीडिंग मिळेना, तासभर खटपट केली आणि मग कळलं की वायर टर्मिनलच्या आतच तुटलेली. सर म्हणाले, मीटर बघ ना, शून्य दाखवतोय, चार नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की इंडस्ट्रीत सिग्नल ४ ते २० मिलिअँपियर का ठेवतात, शून्यापासून का नाही. कारण प्रेशर शून्य असतं तेव्हा लूपमध्ये ४ असतो, आणि वायर तुटते तेव्हा खरा शून्य येतो, दोन्हीतला फरक मीटरवर लगेच दिसतो. पुस्तकात ही एक ओळ आहे. मला ती हातातून कळली. मी २००९ ला बाहेर पडलो, जगभर मंदी, आमच्याकडे कॅम्पसला त्या वर्षी एकही कंपनी फिरकली नाही, सात महिने घरी बसलो, आणि मग लोट्याच्या इंटरव्ह्यूत समोरच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "चारपासून का सुरू होतो?" मी त्याला ती तुटलेल्या वायरची गोष्ट सांगितली. तिथेच नोकरी लागली.

आता कुणी म्हणेल हे नशीब. असेल थोडं. पण माझ्याबरोबर ट्रेनी म्हणून लागलेला एक मुलगा मोठ्या शहरातल्या चांगल्या नावाच्या कॉलेजचा होता, माझ्यापेक्षा अभ्यासात हुशार, त्याने चार वर्षांत कंट्रोल व्हॉल्व्ह उघडलेला पाहिला नव्हता, कारण त्यांच्या बॅचमध्ये पुढे उभे राहणारे चार जण करायचे आणि बाकीचे जर्नल उतरवायचे. तो नंतर सगळं शिकला, आज माझ्या पुढे आहे. मला एवढंच म्हणायचंय की त्याच्या चार वर्षांतली ती संधी गर्दीने खाल्ली, आणि त्या गर्दीलाच आपण कट-ऑफ म्हणून मान देतो.

आणि ही गर्दी आता वाढणार आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका ब्रँचला किती जागा असाव्यात याची वरची मर्यादा काढून टाकली. मोठ्या शहरातल्या कॉलेजांनी कॉम्प्युटर, डेटा सायन्स, एआयच्या तुकड्या वाढवल्या. २० मुलांमागे एक शिक्षक हा नियम कागदावर आहे, पण तुकड्या एका वर्षात वाढतात आणि अनुभवी शिक्षक एका वर्षात तयार होत नाही हे कुणालाही कळेल. त्या वाढलेल्या तुकडीत गेलेलं आपलं पोर त्या कॉलेजच्या जुन्या नावावर जातं, आणि तिथे शिकवायला असतो कदाचित त्याच वर्षी एमटेक करून आलेला मुलगा. माझा यावर राग आहे आणि तो मी लपवत नाही. धोरण ठरवताना मागणी जिकडे तिकडे जागा, एवढाच विचार झालाय, आणि मागणी कशी तयार होते ते मी वर सांगितलंच. याचा दुसरा परिणाम आमच्याकडे दिसतो. तिकडे जागा वाढल्या की इकडच्या मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा रिकाम्या, मग मॅनेजमेंट म्हणतं मुलं नाहीत तर शिक्षक कशाला, मग शिक्षक जातात, मग खरंच कॉलेज वाईट होतं, आणि मग लोक म्हणतात बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला इंजिनियरिंगची डिग्री हवी तर कराड, सांगली नाहीतर मुंबई. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं, रत्नागिरीचं फिनोलेक्स १९९६ चं, देवरुखजवळ आंबवचं राजेंद्र माने कॉलेज १९९८ चं, खेडजवळ लवेलचं घरडा २००७ चं, शिवाय कणकवली, सावंतवाडी, आता रत्नागिरीत सरकारी कॉलेजसुद्धा. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली त्याच्याच आसपासची ही सगळी हालचाल आहे. पोरांना घर न सोडता डिग्री मिळणं ही आमच्याकडे एका पिढीतलीच नवी गोष्ट आहे, ती अशी हलक्यात घालवू नये असं मला मनापासून वाटतं. बारावीला कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, २०२५ ला ९६.७४ टक्के, राज्याचा निकाल ९१.८८. बातमी येते, पेढे वाटतात आणि जुलैमध्ये तीच मुलं गाडीत बसतात. घरं गणपती आणि शिमग्याला उघडतात. गिरणीत जाणारा चाकरमानी आमच्या आजोबांच्या वेळेला होता, त्याला दुसरा रस्ताच नव्हता. आज निदान शिकण्यापुरता तरी आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, गाव टिकवायचं म्हणून कुठल्याही पोराने इथे शिकू नये. ते ओझं अठरा वर्षांच्या मुलावर टाकायचा आपल्याला हक्क नाही. त्याने स्वतःसाठी निवडावं, आणि जिथे जास्त शिकायला मिळेल तिथे जावं.

छोट्या कॉलेजचे दोष मला मोठ्या कॉलेजवाल्यापेक्षा जास्त माहीत आहेत कारण मी ते भोगलेत. आमच्या मॅथ्स-थ्रीला अर्धं सेमिस्टर शिक्षकच नव्हता, आम्ही वरच्या वर्गातल्या एकाकडून शिकलो आणि तरी सात जणांना केटी लागली, म्हणजे विषय राहिला. लायब्ररी पाचला बंद, कारण पाचची एसटी चुकली की स्टाफला घरी जायचं कसं. इंग्रजी बोलायची भीती शेवटपर्यंत गेली नाही, बाहेरची मुलं भेटलीच नाहीत, स्पर्धा म्हणजे काय ते कळलं नाही. कॅम्पसचं तर सांगितलंच. काही ठिकाणी शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थांबतात, आणि पगार थांबलेला माणूस मन लावून शिकवेल अशी अपेक्षा करणं चूक आहे. त्यामुळे छोटं म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. वाईट छोटं कॉलेज हे वाईट मोठ्या कॉलेजपेक्षाही वाईट, कारण तिथे बरोबरची मुलंसुद्धा आधाराला नसतात. आणि ज्याला सॉफ्टवेअरच करायचंय, मेकॅनिकल-सिव्हिलसारखं कोअर नको, कोडिंगच्या स्पर्धा, स्टार्टअप, शहरातल्या इंटर्नशिप हव्यात, त्या मुलाला शहराचा खरोखर उपयोग होतो, त्याला मी अडवत नाही, फक्त इन्स्टिट्यूट लेव्हलच्या नव्या तुकडीत जाण्याआधी दोनदा विचार कर म्हणतो.

पण जे इथे मिळतं ते शहरात विकत घेऊन मिळत नाही, याकडे आपलं लक्षच नाही. आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट सांगतो. आमच्या भागात सगळा जांभा, कातळ. शाळेत, दवाखान्यात, पाण्याच्या पंपाला अर्थिंग नीट लागतच नाही, कारण कोरड्या जांभ्याचा रेझिस्टन्स प्रचंड. वीज पडली की टीव्ही, मोटार, कॉम्प्युटर सगळं जातं. आम्ही चौघांनी अर्थ टेस्टर घेऊन तीन शाळांच्या आवारात आधी एप्रिलला आणि मग परत जुलैला रीडिंग घेतली. जुलैला जमीन भिजलेली तेव्हा रीडिंग बरी आली, एप्रिलला त्याच खड्ड्यात इतकी वाईट की आम्हाला वाटलं मीटरच बिघडलाय. आणि आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज पडते ती नेमकी मे महिन्यात, जमीन कोरडीठाक असताना. मग कोळसा, मीठ, बेंटोनाइट घालून खड्डे केले, शाळेतल्या मुलांना पाणी घालायला शिकवलं. हा प्रोजेक्ट कुठून डाउनलोड केलेला नव्हता. परीक्षक बाहेरून आलेले, त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि आम्हाला सगळ्यांची उत्तरं आली, कारण खड्डे आम्ही खणले होते.

असे विषय इथे पावलापावलावर पडलेत. कोयनेचं पाणी पोफळीला उतरतं आणि वीज होते, जयगडला १२०० मेगावॅटचं स्टेशन आहे, मिरकरवाड्याला बर्फ कारखाने, खाऱ्या हवेत सहा महिन्यांत गंजणारे पत्रे आणि पॅनेल, २०२१ चा चिपळूणचा पूर, निसर्ग वादळात कोसळलेले विजेचे खांब, काजू सोलायची मशीन, आंबा पिकवायची चेंबर. इतका पाऊस पडून एप्रिलला टँकर का लागतो हासुद्धा इंजिनियरिंगचाच प्रश्न आहे. मला राग याचा येतो की आमची कॉलेजंसुद्धा हे करत नाहीत, तीही मुंबईच्या कॉलेजची नक्कल करत बसतात, तेच फेस रेकग्निशनचे प्रोजेक्ट, तेच पोस्टर. लोट्याची एमआयडीसी वीस मिनिटांवर असताना मुलं चार वर्षांत एकदा व्हिजिटला येतात, गेटवर फोटो काढतात आणि जातात. आम्ही कंपनीवालेही दोषी आहोत, सेफ्टीचं कारण सांगून आत घेत नाही. सरकारला खरंच काही करायचं असेल तर रिकाम्या जागा मोजण्यापेक्षा हे जोडून द्यावं, आणि प्रत्येक ब्रँचला कायम शिक्षक किती, एका मुलाला प्रॅक्टिकलला मशीन किती तास मिळालं, हे कट-ऑफच्या शेजारी त्याच पीडीएफमध्ये छापावं. मग बघू भाव कसे ठरतात.

डिग्रीबद्दल एक गैरसमज आहे तोही सांगून टाकतो. मुंबई विद्यापीठाची हद्द सिंधुदुर्गापर्यंत आहे. संलग्न कॉलेज असेल तर रत्नागिरीत शिकलेल्याच्या सर्टिफिकेटवर नाव मुंबई विद्यापीठाचंच, पेपर तोच. लोणेऱ्याला संलग्न असेल तर तसं. ऑटोनॉमस कॉलेजचं वेगळं, ते आपले पेपर आपण काढतात. पण "गावातली डिग्री" असं काही नसतं, आणि ज्या ब्रँचला एनबीएचं राष्ट्रीय मानांकन आहे ती ब्रँच गावात असली तरी निकष तेच असतात.

आणि ऑप्शन फॉर्म भरताना जपा. २०२५ पासून पहिल्या राउंडला पहिला चॉइस लागला की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला बदल नाही, दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनातलं, तिसऱ्याला पहिल्या सहातलं लागलं तरी तसंच. त्यामुळे "टाकून ठेवू वर, बघू मागनं" हे आता चालत नाही. वर टाकताय ते मनापासून हवं असलेलंच टाका.

भाचीने शेवटी स्वतः ठरवलं. आम्ही तिला कॉलेजला घेऊन गेलो, कुणाला न सांगता, चालू दिवशी. लॅब असिस्टंटने कपाटं उघडून दाखवली, सिग्नलची वेव्ह पडद्यावर दाखवणारा सीआरओ चालू करून दिला, तिने दोन नॉब फिरवले, वेव्ह स्थिर झाली. तिथल्या मॅडमनी तिला विचारलं तुला यातलं काय आवडतं, मार्क नाही विचारले. परत येताना निवळीच्या घाटात म्हणाली, "मामा, मला इकडेच घे." भावोजी दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता बोलतात.

६० च्या वर्गात २६ जण आहेत. परवा फोनवर सांगत होती की पहिल्या सेमिस्टरला सोल्डरिंग तिने तीनदा केलं, बोट भाजलं, आणि मग एकदम म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी आमच्या खाली मुलं आली नाहीत तर मॅडमना ठेवतील काय रे हे लोक?" मला उत्तर देता आलं नाही. या जूनला ओटीवर जे येतील त्यांना मी तिचीच लॅब दाखवायला नेणार आहे. शनिवारी नको, मंगळवारी दुपारी जाऊ, तेव्हा प्रॅक्टिकल चालू असतात.